आधी हँडल, मग हात

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. लोखंडाची, रुग्णालयातली. तुमच्या घरच्या खाटेवर माणसे झोपायला जातात, माझ्यावर ती बरी व्हायला येत. हाडे मोडलेल्यांच्या वॉर्डात दारातून आत शिरले की डाव्या हाताला पहिली खाट मी. त्यामुळे सगळे मला 'दाराजवळची' म्हणत.

मला ऐकू येते, थोडेफार दिसतेही. पण माझे खरे ज्ञान म्हणाल, तर ते वजनाचे. घाबरलेला माणूस माझ्यावर कधीच पूर्ण टेकत नाही. झोपला तरी त्याचे अंग कुठेतरी उचललेलेच राहते. मग एखाद्या दिवशी त्याचा विश्वास बसतो आणि तो एकदम जड होतो. ते जडपण आले की मला कळते, आता हा बरा होणार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवून, जोडून, घासून माझा सांगाडा झाला आणि त्यावर पांढरा रंग चढला. माझ्या पायथ्याशी तीन हँडले बसवली. एकाने डोक्याकडची बाजू उठे, दुसऱ्याने गुडघ्यांकडची. मधले हँडल मात्र नवलाचे होते. ते फिरवले की मी अख्खीच्या अख्खी वर जाई. मला जोडणाऱ्या फिटरने कारखान्यातल्या सर्वांत लठ्ठ माणसाला, म्हणजे मुकादमाला, माझ्यावर बसवले. एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने त्याने ते हँडल फिरवायला सुरुवात केली. मुकादम हळूहळू वर जाऊ लागला, त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि सगळे कामगार हसत सुटले. फिटरच्या कपातला चहा हिंदकळलाही नाही. एवढ्याशा हाताने एवढे मोठे वजन उचलले जाते, हे पाहून मी थक्क झाले. जगात याहून मोठे आश्चर्य नसेल, असे मला त्या दिवशी वाटले.

माझा तो समज वॉर्डात आल्यावर गेला. तिथे मी परिचारिका पाहिल्या.

मित्रांनो, ज्याचा पाय मोडला आहे त्याला कुशीवर वळवावे लागते. तो खाली घसरला की वर ओढून घ्यावे लागते. त्याची पाठ पुसावी लागते, चादर बदलावी लागते, भांडे द्यावे लागते आणि काढावे लागते. हे सगळे एकाचे झाले की पुढच्याचे, आणि शेवटच्या खाटेपर्यंत पोचेतो पहिल्याची पुन्हा वेळ झालेली असते. मी लोखंडाची असून एका वेळी एकच माणूस पेलते. त्या हाडामांसाच्या बायका सगळी रांग पेलत, आणि वर विचारत, "आज चेहरा उतरलाय, काका? घरून कुणी आलं नाही का?" त्यांच्या पाठीत काय बसवले आहे आणि ते कुठल्या कारखान्यात मिळते, याचा मी पुष्कळ विचार करी.

आता माझ्या मधल्या हँडलाचे काय झाले ते सांगते. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना भेटायला आलेल्या नातवाने मधले हँडल धरले आणि "आजी, तुला छतावर नेतो," म्हणत गरागरा फिरवले. आजी ओरडल्या, प्लास्टरमधला पाय हलला, धावपळ झाली. वॉर्डाच्या मुख्य, मेट्रनबाई, यांनी त्याच दिवशी सगळ्या खाटांची मधली हँडले काढून घेतली आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केली. खाटा सर्वांत खालच्या उंचीवर आणून ठेवल्या.

मेट्रनबाई वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवे. त्या येण्यापूर्वी तो वॉर्ड म्हणजे नुसता कोंडवाडा होता, असे जुनी माणसे सांगत. त्यांनी तो आरशासारखा केला. मात्र नीटनेटकेपणाचा त्यांना ध्यास होता. सकाळी फेरीला आल्या की दारात, अगदी माझ्यापाशी, उभ्या राहून त्या एक डोळा मिटत आणि रांग पाहत. "पट्टीनं आखल्यासारखी दिसली पाहिजे," म्हणत. आणि तशी ती दिसेही. उंचीने सारख्या, पांढऱ्याशुभ्र, ओळीत उभ्या खाटा. त्या रांगेवर कुणाच्या पाठी वाकत होत्या, ते दारातून दिसत नसे.

वॉर्डात दोन सिस्टर नेहमी जोडीने काम करत. एक ताडमाड उंच, दुसरी जेमतेम माझ्या सलाइनच्या दांड्याच्या निम्म्याएवढी. मी सांगते आहे त्या वर्षी पाय मोडून पडलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने त्यांची नावे ठेवली शिडी आणि पायरी. ती इतकी चिकटली की खरी नावे पगाराच्या दिवशीच ऐकू येत.

"शिडे, वरची हवा कशी आहे ग?" पायरी विचारी.

"थंड. तू खालची सांग."

"खाली सगळ्यांची तोंडं दिसतात. तुला नुसती टकलं दिसत असतील."

खाट बुटकी, म्हणून शिडीला सर्वांत जास्त वाकावे लागे. ती वाकली की कमरेतून दुमडलेल्या मोजपट्टीसारखी दिसे. आणि वर येताना ती माझ्या कठड्यावर हात ठेवी. माझी आणि तिची ओळख ती एवढीच, तिच्या उजव्या तळहाताची. पहिल्या वर्षी तो हात चिमणी बसावी तसा टेकून उडून जाई. पुढे तो थांबू लागला. नंतर नंतर तर बुडणाऱ्या माणसाने काठ धरावा तसा तो कठडा धरी, आणि तिचे सगळे वजन क्षणभर माझ्यावर येई. कठड्यावरचा पांढरा रंग त्या एका जागी झिजला आणि आतले लोखंड दिसू लागले. तिने वॉर्डात कुणालाच सांगितले नव्हते, पण तिची पाठ कामातून चालली होती. मला ठाऊक होते. पण खाटेला सांगता कुठे येते?

दुपारी पाळी संपायच्या सुमारास तिचे वडील तिच्या लहान मुलीला घेऊन दाराशी येत. मुलगी उंबऱ्यावर थांबे, कारण आत यायची परवानगी नव्हती. एके दिवशी तिने दोन्ही हात वर केले.

"आई, उचल."

शिडी तिच्याकडे पाहून हसली, पण जागची हलली नाही. "आता मोठी झालीस तू."

"मी कुठे मोठी झाले? मी चार वर्षांची आहे."

"ये ग बाळ, मावशीकडे ये," पायरीने हात पुढे केले.

"नको. मावशी, तू बुटकी आहेस. तुझ्या कडेवरून काहीच दिसत नाही."

सगळा वॉर्ड हसला. शिंपी तर इतका हसला की त्याच्या पायाला बांधलेली वजने डुलू लागली. पण त्याच वेळी माझ्या कठड्यावर शिडीचा तळहात येऊन पडला, आणि त्यात जे वजन होते ते पाठीच्या दुखण्याचे नव्हते. दिवसभर परक्यांच्या लेकरांना उचलून तिची पाठ संपत होती. स्वतःच्या लेकराच्या वाटणीला ती उरत नव्हती.

आजोबा नातीला घेऊन फाटकाशी गेल्यावर पायरी तिच्या जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "अंगात पट्टा बांधून येतेस, मला कळत नाही वाटतं? मेट्रनबाईंना सांग."

"सांगितलं की टेबलावर बसवतील."

"मग बस की. खुर्ची मिळेल, पंखा मिळेल."

"टेबलावर मी काय करू? कागदांना कूस बदलायची नसते ग." आणि वर म्हणाली, "आणि पाठ कुणाची दुखत नाही? सुताराच्या हाताला घट्टे पडतात, तशी सिस्टरची पाठ दुखते. धंद्याची खूण आहे ती."

"घट्टे पडले म्हणून सुताराचा हात गळून पडत नाही," पायरी म्हणाली. पण तीही मेट्रनबाईंकडे गेली नाही. कारण मित्रांनो, तिथे सगळ्यांनाच तसे वाटे. जिची पाठ दुखत नाही तिने अजून काम केले नाही, असे त्या थट्टेत म्हणत आणि मनातून मानत. दुखणे त्यांनी पदकासारखे लावले होते, तेही पदराआड.

मग तो दिवस आला. माझ्यावर खुब्याचे ऑपरेशन झालेला एक बेकरीवाला होता. भट्टीपुढे आयुष्य गेलेला, आडवातिडवा, मनाने लोण्यासारखा माणूस. सकाळची पाठ पुसायची वेळ होती. पायरी पलीकडच्या बाजूला उशी घेऊन उभी होती. शिडीने वाकून, हात लांबवून त्याला आपल्याकडे वळवले, आणि तशीच किंचित वळली.

त्याच क्षणी ती थांबली.

वर येईना, खाली जाईना. बेकरीवाल्याचे निम्मे वजन तिच्या हातांत आणि निम्मे माझ्यावर. त्याचा नवा खुबा भलत्या बाजूला वळला तर केलेले ऑपरेशन वाया जाणार, हे तिला माहीत होते. म्हणून ती सोडत नव्हती. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब माझ्या चादरीवर पडला.

त्याच वेळी मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय पडलंय खाली, सिस्टर?" त्यांनी विचारले.

"काही पडलं नाही, बाई," पायरी म्हणाली. "ती अडकली आहे."

मेट्रनबाई दारापासून माझ्यापर्यंत कशा आल्या, ते मला आजही सांगता येत नाही. पायरी माझ्या पलीकडच्या कडेला होती, म्हणून शिडीला मेट्रनबाईच जवळ होत्या. त्यांनी शिडीच्या हाताखाली हात घातले आणि त्या वाकल्या. कित्येक वर्षांत त्या वाकल्या नव्हत्या. त्यांनी गुडघे माझ्या चौकटीला टेकवून जोर लावला.

"जपून, बाई," बेकरीवाला म्हणाला. "मी जड आहे."

"ते कळलं मला," मेट्रनबाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या.

पायरीने पाठीशी उशी सरकवली. बेकरीवाला अलगद उताणा झाला, खुबा जागच्या जागी राहिला. दोघींनी धरून शिडीला खुर्चीत बसवले. मग मेट्रनबाई सरळ व्हायला गेल्या, तेव्हा त्यांना आधार लागला. त्यांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला. तो नेमका त्या झिजलेल्या जागी पडला. दुसरीकडे पडणारच कसा? वाकलेल्या माणसाचा हात तिथेच येतो.

त्यांनी हात उचलून ती जागा पाहिली. एक तळहात मावेल एवढे उघडे लोखंड. मग त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, तिच्या पुढच्या खाटेकडे गेल्या. रांगेतल्या प्रत्येक कठड्यावर, कुठे फिकट, कुठे गडद, तशीच जागा होती. रोज एक डोळा मिटून त्या ज्या रांगेकडे पाहत होत्या, तिच्यावर हे लिहिलेले होते.

परत माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, "ह्या खाटेला मधलं हँडल होतं ना? कुठाय ते?"

पायरी म्हणाली, "तुमच्या कपाटात, बाई."

मेट्रनबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

हँडले आली तेव्हा मी पाहत राहिले. फडक्यात गुंडाळलेली, तेलाने पुसलेली, कालच कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत. गंजले होते ते माझे पोट. हँडल बसले, पण फिरेना. देखभालीच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने तेल सोडले, ठोकले, पुन्हा तेल सोडले. मला खरेच भीती वाटत होती, मित्रांनो. इतक्या वर्षांनी मला वर जाता येईल का? की मी वर जाणारी खाट होते, ही नुसतीच कारखान्यातली जुनी गोष्ट होती?

मग आत कुठेतरी कुरकुर झाली, आणि मी उठले.

पायरीने एका हाताने हँडल फिरवले आणि तो भट्टीएवढा माणूस जमिनीपासून वर येऊ लागला. सगळा वॉर्ड उशांवरून माना उचलून बघत होता. शिंपी टाळी वाजवायला विसरला. खुर्चीतली शिडी आपले दुखणे विसरून बघत होती.

"सिस्टर," बेकरीवाला घाबरून म्हणाला, "मी वर चाललोय का?"

"एवढ्यात नाही, मामा. कमरेएवढंच."

मी पायरीच्या कमरेशी येऊन थांबले. आता तिने टॉवेल घेतला आणि ताठ उभी राहून त्याची पाठ पुसली. वाकावे लागलेच नाही. ती मध्येच थांबली, स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला, जणू कुणी तिथून काही काढून नेले होते.

मेट्रनबाई दारात गेल्या आणि सवयीने एक डोळा मिटून रांग पाहिली. मी मध्येच पुढे आलेल्या दातासारखी उंच दिसत होते.

"रांग बिघडली," त्या म्हणाल्या. मग डोळा उघडला. "बिघडू दे."

डॉक्टरांनी शिडीला तपासले. नुसते पडून राहू नका, चालत राहा, असे म्हणाले. पण काही आठवडे उचलणे बंद, आणि नंतरही पूर्वीसारखे वाकणे कायमचे बंद. वॉर्डात परत येता येईल का, हे तिने विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते तुमच्या पाठीवर नाही, तुमच्या वॉर्डावर अवलंबून आहे." पायरीने हे वाक्य वॉर्डभर सांगितले, आणि मेट्रनबाईंच्या खोलीत जरा मोठ्याने सांगितले.

ती नव्हती त्या दिवसांत वॉर्ड बदलत गेला. वळवणे, वर ओढणे एकटीने करायचे नाही, असे ठरले. माणसाच्या अंगाखाली आडवी जाड चादर राहू लागली, आणि दोघींनी दोन्हीकडून ती धरली की माणूस उचलावा न लागता सरकू लागला. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. वजन अंगाशी धरायचे. वळायचे असेल तर पाय उचलून वळायचे. आणि रुग्णाला विचारायचे, "चांगला पाय रोवून जोर लावता का, काका?" यातले सर्वांत मोठे नवल मला त्या शेवटच्या गोष्टीचे वाटले. इतकी वर्षे नुसते उचलून घेणारे लोक स्वतःहून जोर लावू लागले, आणि लवकर बरे होऊ लागले. काम संपले की मला पुन्हा खाली आणत, म्हणजे रुग्णाला सुखाने उतरता येई. नव्या मुलींना पायरी पहिल्याच दिवशी घोकवून घेई, "आधी हँडल, मग हात."

शिडी परत आली तो दिवस मी विसरणार नाही. आल्या आल्या त्या दोघी भांडल्या.

"तुझ्या कमरेएवढी ठेवली तर माझे हात खांद्यापर्यंत जातात," पायरी म्हणाली.

"आणि तुझ्या कमरेएवढी ठेवली तर मी पुन्हा खुर्चीत."

मेट्रनबाईंनी निवाडा केला, की जिच्याकडे जास्त वजन येणार तिची उंची धरायची.

दुपारी आजोबा मुलीला घेऊन आले. बेकरीवाला घरी गेला होता आणि मी रिकामी होते. मुलीने हात वर केले नाहीत. तिला आता शिकवलेले होते. ती उंबऱ्यावर हात मागे बांधून उभी राहिली, आणि ते पाहून शिडीचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही.

तिने मेट्रनबाईंकडे पाहिले. मेट्रनबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"ये," शिडी मुलीला म्हणाली. "बस इथे. आपली आपण चढ."

मुलगी माझ्यावर चढून बसली. पिसाएवढी. आईने माझ्या पायथ्याशी जाऊन मधले हँडल धरले आणि सावकाश फिरवू लागली. मुलगी वर येऊ लागली. तिने दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली, मग सोडली. मी माझ्या शेवटच्या उंचीपर्यंत गेले. मग शिडी कडेला येऊन उभी राहिली, आणि मुलीचा चेहरा बरोबर आईच्या छातीशी आला. मुलीने हात तिच्या मानेभोवती टाकले. आईने तिला मिठीत घेतले, ताठ उभी राहून.

"आई," मुलगी म्हणाली, "इथून सगळं दिसतं."

मित्रांनो, फिटरच्या हातातला चहा हिंदकळला नव्हता, ते आश्चर्य मी जगातले सर्वांत मोठे समजत होते. तेव्हा मी अगदी नवी होते.

पुढे पुष्कळ वर्षे गेली. मेट्रनबाई निवृत्त झाल्या, मग पायरी, मग शिडी. बटण दाबले की वरखाली होणाऱ्या खाटा आल्या. मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत हलवले. तिथे फारसे कुणी येत नसे. माझ्यावर जुन्या गाद्या रचत.

एकदा गाद्या उतरल्या. मला पुसले, नवी चादर घातली. व्हीलचेअरमधून एक उंच म्हातारी आली. आजाराने ती वाळली होती, पण पाठ ताठ होती. नव्या खाटेवर चला, असे सिस्टर तिला विनवत होत्या.

"नको ग. दाराजवळची आहे ना ही? तिची नि माझी ओळख आहे," ती म्हणाली, आणि तळहात कठड्यावर ठेवला. मधल्या काळात मला दोनदा रंग दिला होता. तरी तिला जागा सापडली.

तिची मुलगी तिच्या सोबत राहिली. आईएवढीच उंच. कुणी सिस्टर पुसायला, कूस बदलायला आली की ती आधी उठून माझ्या पायथ्याशी जाई. न गेली तर उशीवरून आवाज येई, "आधी काय?" "आधी हँडल," मुलगी म्हणे. एके दुपारी पायरी काठी टेकत भेटायला आली. "वरची हवा कशी आहे?" तिने विचारले. "अजून गेले नाही. कळवते," शिडी म्हणाली. दोघी खूप हसल्या, आणि मुलगी पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

त्यानंतर एका सकाळी, उन्हे व्हरांड्यात आली तेव्हा, शिडी गेली. आयुष्यभर मला तिचा फक्त एक तळहात माहीत होता. त्या सकाळी ती माझ्यावर पूर्ण टेकली. काहीही उचललेले राहिले नाही.

दोन तरुण सिस्टर शेवटची आंघोळ घालायला आल्या. मी खाली होते. त्या तशाच वाकू लागल्या. मुलगी खुर्चीतून उठली.

"थांबा," ती म्हणाली, आणि माझ्या पायथ्याशी आली.

"राहू दे ना, ताई. आम्ही करतो," एक सिस्टर म्हणाली. "आता त्यांना काय..."

"तुम्हाला वाकावं लागेल," मुलगी म्हणाली. "तिला आवडायचं नाही."

आणि तिने हँडल फिरवले. सावकाश, आईने तिच्यासाठी फिरवले होते तसे. मी त्या दोघी सिस्टरच्या कमरेशी येऊन थांबले. मग मुलगी कडेला आली आणि ताठ उभी राहून तिने आईच्या कपाळावर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी कुणाला तरी उचलत असेल. रुग्णालयात गेलात तर परिचारिकांची पाठ तुम्हाला दिसेल. ती लोखंडाची नाही. मी लोखंडाची आहे, म्हणून मला फरक कळतो. ती दुखू लागण्याआधी तिच्याकडे बघा. कुणी पाठ दुखते म्हणाली तर खरे माना, आणि म्हणाली नाही तरी विचारा. आम्हां खाटांना वर यायला फार काही लागत नाही. हँडल कपाटात ठेवू नका, माझ्या पायथ्याशीच असू द्या, आणि अधूनमधून दोन थेंब तेल घाला. बाकीचे वजन माझ्याकडे द्या.